गुळाला रंग कुणी लावला?



'छोट्या शेतकऱ्याचं अन्न', 'हातानं केलेलं अन्न', 'पारंपरिक पदार्थ' हे शब्द हल्ली सगळीकडे ऐकू येतात. सरकारच्या योजनांत असतात, मॉलच्या पाट्यांवर असतात आणि आमच्यासारख्यांच्या भाषणांतही असतात. पण असं अन्न करणाऱ्या माणसापर्यंत सरकारचं धोरण पोचतं कसं, आणि पोचल्यावर त्याचं काय करतं, याची तपासणी फारशी होत नाही. आज ती एकाच पदार्थाला धरून करू या. पदार्थ आहे कोल्हापूरचा गूळ.

सुरुवात आमच्याच चुकीपासून करतो. आम्ही म्हणजे पुण्यातली पाच-सहा घरं. गेली काही वर्षं थंडीत आम्ही पन्हाळ्याच्या बाजूच्या एका गुऱ्हाळावर जातो आणि वर्षाचा गूळ एकदम आणतो. पहिल्या वर्षी गेलो तेव्हा तिथल्या म्हाताऱ्या गुळव्यानं दोन ढेपा समोर ठेवल्या. एक पिवळीधमक, केशरात बुडवून काढल्यासारखी. दुसरी तांबूस-तपकिरी, जरा मऊ. आम्ही अर्थातच पिवळीकडे हात नेला. तो हसला आणि म्हणाला, "खायाला पायजे का दावायला?"

त्या वेळी आम्हाला तो विनोद वाटला. आज वाटतं, आपल्या अन्नधोरणावरची सगळी टीका त्या चार शब्दांत आहे. आम्ही फक्त ती उलगडून सांगणार आहोत.

आधी गूळ होतो कसा ते थोडक्यात बघू. ऊस घाण्यात घालून रस काढतात. तो मोठ्या लोखंडी काहिलीत येतो. खाली चुलवाण असतं, त्यात त्याच उसाची वाळवलेली चिपाडं जळण म्हणून जातात. जाळ सांभाळणारा जळव्या वेगळा असतो. रस तापला की मळी वर येते, ती झाऱ्यानं काढत राहायची. मळी नीट सुटावी म्हणून रानभेंडीच्या झाडाची खोडं ठेचून त्याचा चिकट रस घालतात, अंदाजानं चुन्याची निवळी घालतात. उतू जाऊ नये म्हणून थेंबभर तेल. मग रस आटत जातो, बुडबुडे बदलत जातात. शेवटी गुळव्या थोडा पाक थंड पाण्यात टाकतो आणि बोटांनी गोळी वळून बघतो. गोळी जमली की काहील उतरवायची, अर्धा मिनिटही उशीर चालत नाही. तापमापक लावला तर तिथे साधारण ११८ अंश सेल्सिअस दिसेल, पण गुळव्याला आकडा लागत नाही. पाक वाफ्यात ओततात, फावड्यानं घोटतात आणि कापड घातलेल्या साच्यात भरतात. कोल्हापुरात ३० किलोच्या ढेपेला 'रवा' म्हणतात. एक टन उसापासून साधारण शंभर ते एकशेवीस किलो गूळ पडतो.

आता रंगाचं बघा. गुळाचा रंग कशावर ठरतो? उसाच्या जातीवर. को ९२००५ ही जात गुळाला चांगली मानतात, त्यात कोल्हापूरच्या प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्राचं काम आहे. शिवाय जमिनीवर ठरतो, चोपण जमिनीतल्या उसाचा गूळ काळसर आणि खारट होतो. युरिया किती ओतला, ऊस पुरता पिकलाय का, तोडल्यावर किती तासांत गाळला आणि शेवटी गुळव्याचा हात कसा, या सगळ्यावर ठरतो. म्हणजे रंग ही खोटी खूण नव्हे. चांगल्या रानातला, ताजा तोडलेला ऊस चांगल्या हातात पडला तर गूळ खरोखरच सोनेरी होतो. जुन्या व्यापाऱ्यांनी रंग बघून भाव ठरवला त्यात त्या काळी शहाणपण होतं.

गडबड झाली ती रंग बाहेरून आणता येऊ लागल्यावर. सोडियम हायड्रोसल्फाइट, ज्याला बाजारात नुसतं 'हायड्रोस' म्हणतात, ती पांढरी पूड काहिलीत टाकली की काळपट रसही पिवळा होतो. थोड्या दिवसांनी गूळ पुन्हा काळवंडतो, पण तोवर सौदा झालेला असतो. कामगिरी दाखवायची खूण कामगिरीशिवाय मिळू लागली. तरी बाजार समितीच्या आवारात सौद्याला लावलेल्या रव्यांचा नंबर अजून डोळ्यांनीच ठरतो. रंग बघायचा, कडकपणा बघायचा, की झाला एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर. रव्यात काय आहे याची चाचणी सौद्याच्या आधी होत नाही.

इथे सरकारचं धोरण येतं. ते तीन दरवाज्यांनी येतं, म्हणून टीकाही एकेक दरवाजा धरून करू.

पहिला दरवाजा नावाचा. भौगोलिक निर्देशांकाचा, म्हणजे जीआयचा कायदा १९९९ सालचा, लागू झाला १५ सप्टेंबर २००३ पासून. दार्जिलिंगचा चहा आपली पहिली नोंद. कोल्हापुरी गुळाची नोंद २०१४ साली झाली. त्या वेळी पेढे वाटले गेले आणि ते योग्यच होतं, कारण दुसरीकडचा गूळ कोल्हापुरी म्हणून विकला जातो ही तक्रार जुनी आहे. पण नोंद झाल्यावर गुऱ्हाळावर काय बदललं? कायद्यात नावाचा मालक वेगळा आणि 'अधिकृत वापरकर्ता' वेगळा. प्रत्येक उत्पादकानं वापरकर्ता म्हणून स्वतंत्र नोंद करायची असते. तिचं शुल्क २०२० मध्ये दहा रुपयांवर आणलं. चांगलंच झालं. पण अडचण शुल्काची नव्हतीच. सौद्यात रवा विकत घेणारा व्यापारी 'तुझी जीआय नोंद आहे का' असं विचारतच नाही. चार गुऱ्हाळांचा माल एका गाडीत चढतो आणि गुऱ्हाळाचं नाव तिथेच संपतं.

तुलनेसाठी एकच उदाहरण देतो. इटलीत पार्मिजानो रेज्जानो नावाचं चीज करतात. त्याचं एक चाक सरासरी चाळीस किलोचं, आपल्या रव्याहून थोडं मोठं. प्रत्येक चाकावर ते कुठल्या डेअरीत झालं त्याचा क्रमांक उमटवलेला असतो. बारा महिने मुरल्यावर तपासनीस येतो, छोट्या हातोडीनं ठोकून आवाज ऐकतो आणि उतरलं नाही तर त्या चाकावरच्या खुणा खरवडून काढतात. नावाचं रक्षण म्हणजे नावामागचा माणूस सापडणं आणि माल उतरला नाही तर नाव काढून घेण्याची सोय असणं. आपण नाव दिलं, पण ते कुणाच्या हाताला बांधलं नाही. आमचा आक्षेप जीआयवर नाही, अर्ध्यावर सोडलेल्या जीआयवर आहे.

दुसरा दरवाजा शुद्धतेचा. १९५४ चा भेसळ प्रतिबंधक कायदा गेला, २००६ चा अन्न सुरक्षा आणि मानके कायदा आला आणि २०११ मध्ये लागू झाला. त्याच्या २०११ च्या नियमांत छोट्या उत्पादकाला सवलत ठेवली होती, वर्षाची उलाढाल १२ लाखांच्या आत असेल तर परवान्याऐवजी साधी नोंदणी, वर्षाला शंभर रुपये. ही तरतूद समंजस आहे हे कबूल केलं पाहिजे. गुऱ्हाळात साखर ओतून गूळ करणाऱ्यांवर छापे पडतात, तेही बरोबर. खाणाऱ्याला फसवण्याचा हक्क छोट्यालाही नाही. 'बिचारा लहान माणूस' म्हणून भेसळीकडे काणाडोळा करणं म्हणजे प्रामाणिकपणे गूळ करणाऱ्या शेजारच्या लहान माणसाला मारणं आहे.

पण साखळी बघा. सौद्यात पिवळ्याला जादा भाव मिळतो, म्हणून गुऱ्हाळवाला हायड्रोस टाकतो. छापा पडतो तो गुऱ्हाळावर. दंड होतो तो गुऱ्हाळवाल्याला. ज्या सौद्यानं त्याला त्या पुडीकडे ढकललं तो सौदा दुसऱ्या दिवशी तसाच भरतो. चोरी करायला बक्षीस ठेवायचं आणि चोर पकडायला शिपाई ठेवायचा, असा हा कारभार आहे. कायदा हाताला पकडतो, भावाला पकडत नाही.

तिसरा दरवाजा कराचा. हा भाग जरा रूक्ष आहे, पण ऐका, कारण इथे धोरणाचं मन उघडं पडतं. १८ जुलै २०२२ पासून आधी भरून लेबल लावलेल्या गुळावर पाच टक्के जीएसटी लागला. सुट्या गुळावर शून्य. लेबलाची ही अट २५ किलोपर्यंतच्या पाकिटाला. म्हणजे ३० किलोचा बिननावाचा रवा करमुक्त, आणि गुऱ्हाळवाल्यानं स्वतःचं नाव घालून भरलेलं किलोचं पाकीट करपात्र. कुणी म्हणेल, उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर जीएसटीची नोंदणीच लागत नाही, मग काय बिघडलं? बरोबर आहे, पण ते राज्याच्या आत. करपात्र माल राज्याबाहेर पाठवायचा तर उलाढाल कितीही लहान असो, नोंदणी लागते. कोल्हापूरहून मुंबई लांब आणि बेळगाव, पणजी जवळ. मुंबईला पाकीट पाठवलं तर काही नाही, बेळगावच्या मावशीच्या दुकानात पाठवलं तर विवरणपत्रं भरत बसा.

आता तिन्ही दरवाजे एकत्र बघा. एक खातं म्हणतं, तुझ्या मालाला नाव लाव. दुसरं खातं म्हणतं, नाव लावलंस तर कर भर. तिसरं खातं म्हणतं, काही चुकलं तर तुझ्यावरच छापा. आणि ज्या बाजारात खरा निकाल लागतो तिथे नावाची गरजच नाही. कुठल्याही एका अधिकाऱ्याला यात खलनायक ठरवता येत नाही. प्रत्येकजण आपापलं काम नियमानं करतोय. पण हे नियम कुणी एका टेबलावर ठेवून गुऱ्हाळाच्या बाजूनं वाचलेले नाहीत.

आता साखरेकडे वळू, कारण साखरेशिवाय गुळाचं गणित लागत नाही. १९३२ च्या कायद्यानं साखर उद्योगाला आयातीपासून संरक्षण मिळालं आणि कारखाने भराभर निघाले, त्याआधी या देशातला बराचसा ऊस गुळालाच जात होता. पुढे १९५० च्या सुमारास प्रवरेला सहकारी कारखाना उभा राहिला. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांचं ते काम ऐतिहासिकच. सहकारी साखरेनं ऊसकऱ्याला ताठ उभं केलं, हे नाकारणं कृतघ्नपणा होईल. पण आज साखरेभोवती किती कुंपणं आहेत ते मोजा. उसाला रास्त आणि किफायतशीर दर, म्हणजे एफआरपी, कायद्यानं ठरतो. २०२४-२५ च्या हंगामाला तो १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३४० रुपये होता. पैसे चौदा दिवसांत द्यायचे. साखरेला किमान विक्री दर, जो फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये केला. वर इथेनॉलची खरेदी.

गुळाला यातलं काहीच नाही. गुऱ्हाळाला एफआरपीचं बंधन नाही, पण झळ पूर्ण आहे, कारण कारखाना ३४०० देत असेल तर शेतकरी गुऱ्हाळाला कमी पैशात ऊस कशाला देईल? एक हिशेब मांडू. आकडे समजण्यापुरते आहेत. टनाला ऊस ३४०० रुपयांना, त्याचा गूळ ११० किलो. सौद्यात ४० रुपये किलो मिळाले तर हातात ४४००. वरचे हजार रुपये म्हणजे गुळव्या, जळव्या, बाकीची माणसं, वीज, अडत, हमाली, गाडीभाडं आणि मालकाचं पोट. आता हाच गूळ रंगाला कमी म्हणून ३५ रुपयांनी गेला तर हातात ३८५० येतात आणि हजाराचे साडेचारशे राहतात. पाच रुपयांच्या रंगात अर्ध्याहून जास्त कमाई जाते. आता सांगा, हायड्रोसची पुडी न टाकणारा माणूस किती धीराचा असला पाहिजे? आणि असा धीर किती वर्षं टिकेल?

हे फक्त गुऱ्हाळवाल्याचं दुःख नाही. गावात गुऱ्हाळं चालू असली की ऊसकऱ्याला दुसरं दार असतं. कारखान्यानं तोड लांबवली, पैसे अडवले, तर तो गुऱ्हाळाकडे जाऊ शकतो. झोनबंदीचा काळ आठवणाऱ्यांना दुसरं दार बंद असणं म्हणजे काय ते सांगायला नको. गुऱ्हाळ बंद पडलं की लहान शेतकऱ्याच्या हातातली घासाघीस बंद पडते. म्हणून आम्ही याला आवडीनिवडीचा प्रश्न मानत नाही, हा सत्तेचा प्रश्न आहे.

आता आमच्यावर येणारे दोन आक्षेप. दोन्ही रास्त आहेत.

पहिला असा, की तुम्ही शहरात बसून गुऱ्हाळाचं गोड चित्र काढता. खरं आहे. काहिलीजवळचं काम अंगाची लाही करणारं असतं, उकळता पाक उडून भाजलेले हात आम्ही बघितलेत. काही ठिकाणी चिपाडाबरोबर जुने टायरही जाळतात आणि तो धूर आधी तिथल्या कामगारांच्या छातीत जातो. यावर उपाय हवा आणि त्याला पैसा लागतो. २०२० मध्ये आलेल्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांच्या केंद्रीय योजनेत ३५ टक्के अनुदान होतं, दहा लाखांपर्यंत, 'एक जिल्हा, एक उत्पादन' असं सूत्र धरून. चुलवाण सुधारायला, स्वच्छ ओटा बांधायला ते उपयोगी पडतंच. पण अनुदान कर्जाला जोडलेलं असतं आणि कर्ज फेडायचं सौद्यातल्या भावातून. भाव डोळ्यांनीच ठरणार असेल तर नवी काहील घेऊन तो जुनीच पुडी टाकेल.

दुसरा आक्षेप आरोग्याचा. शहरातली काही दुकानं हल्ली काळा गूळ 'सेंद्रिय' म्हणून तिप्पट भावानं विकतात आणि तो जवळजवळ औषध असल्यासारखं बोलतात. आम्हालाही हे पटत नाही. गूळ हा मुख्यतः साखरच असतो, थोडी खनिजं जास्त. मधुमेह्याला तो चालतो असं सांगणं धोक्याचं आहे. आणि नीट बघा, काळा म्हणजे शुद्ध हीसुद्धा रंगावरचीच श्रद्धा आहे. काळा रंग करपलेल्या रसानं येतो, शिळ्या उसानं येतो, चोपण रानानंही येतो. काल पिवळ्याला जादा पैसे देत होतो, आज काळ्याला देतो. डोळ्यांनी निवाडा करायची सवय तीच राहिली. 'सेंद्रिय' या शब्दाला २०१७ पासून नियम आहेत, प्रमाणपत्र लागतं, थेट विकणाऱ्या लहान उत्पादकाला त्यातून सूट ठेवली होती. तो शब्द रंग बघून वापरायचा नाही.

मग करायचं काय? नुसती टीका करून उठलो तर तुम्ही म्हणाल, काहिलीत पाणी ओतून गेले.

पहिली गोष्ट, सौद्याच्या आधी चाचणी. गंधकाचा अंश आणि साखरेची भेसळ तपासायला फार मोठी प्रयोगशाळा लागत नाही. कोल्हापुरात गुळाचं संशोधन केंद्र आहे, बाजार समिती आहे, नावाची नोंद आहे. तिघांनी मिळून रव्याला नंबर द्यावा आणि त्यात रंगाला शेवटचं स्थान द्यावं.

दुसरी, रव्यावर गुऱ्हाळाचा क्रमांक. माल कुठेही मिसळला तरी हात सापडला पाहिजे. चांगल्याला श्रेय, वाईटाला जाब.

तिसरी, स्वतःचं नाव लावून विकणाऱ्या लहान उत्पादकाला कराच्या नोंदणीतून राज्याबाहेरही सूट. मोठ्या-लहानात फरक करता येत नाही असं सरकार म्हणू शकत नाही. २०२५ च्या साखर नियंत्रण आदेशात दिवसाला ५०० टनांहून जास्त गाळणाऱ्या खांडसरी कारखान्यांना आत घेतलं, लहानांना बाहेर ठेवलं. मनात असलं की रेष ओढता येते.

चौथी, सरकारी खरेदी. अंगणवाडीच्या आहारात ठेकेदार नकोत, स्थानिक गटांकडून घ्या, असं सर्वोच्च न्यायालयानं ७ ऑक्टोबर २००४ ला सांगितलं. तरी आपल्या राज्यातल्या निविदांच्या अटी महिला बचत गटांना बाहेर ठेवणाऱ्या निघाल्या आणि २०१९ मध्ये न्यायालयाला त्या रद्द कराव्या लागल्या. अंगणवाडीतल्या लाडवाला लागणारा थोडासा गूळ जवळच्या, तपासलेल्या गुऱ्हाळातून घेतला तर त्या गुऱ्हाळाला सौद्याशिवाय एक गिऱ्हाईक मिळतं. पोराला लाडवाचा रंग कळत नाही, चव कळते.

शेवटची गोष्ट आपल्याकडे येते. सौद्यातला व्यापारी पिवळा गूळ मागतो, कारण त्याचा किराणा दुकानदार मागतो. दुकानदार मागतो, कारण संक्रांतीला आपण डबा उघडून 'अहो, जरा पिवळा दाखवा' म्हणतो. पहिल्या वर्षी आम्ही तेच केलं. पिवळी ढेप घरी आणली, शेजाऱ्यांना दाखवली, कौतुक झालं. पावसाळ्यात ती काळवंडली.

पुढच्या हंगामात गेलो तेव्हा गुळव्यानं काही विचारलं नाही. आम्हीच म्हणालो, "काका, खायचा द्या." त्यानं आतून तांबूस ढेप काढून दिली आणि किलोला जेवढे मागितले तेवढे आम्ही दिले, पिवळ्याएवढेच. त्याला आश्चर्य वाटलं ते गूळ मागण्याचं नव्हे, तेवढे पैसे देण्याचं. खायच्या गुळाला दाखवायच्या गुळाएवढा भाव देणं हे गिऱ्हाईकानं केलं की अपवाद ठरतो. सौद्यात ते घडलं तर त्याला धोरण म्हणता येईल.

 आता प्रश्न घेऊ.